माटुंग्याची प्रयोगशाळा आणि कारखान्याचं फाटक

पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारे रंग थांबले आणि मुंबईच्या गिरण्यांची पंचाईत झाली. कापूस इथला होता, सूत इथलं होतं, मागावर हात इथल्याच माणसांचे होते. पण कापडावर चढणारा रंग जर्मन किंवा स्विस डब्यातून यायचा. भाव कडाडले. रंगखात्यातली माणसं हुशार होती, पण त्यांचा रंगाशी संबंध यायचा तो विकणाऱ्या कंपनीने दिलेल्या कृतीपुरता. डब्यात काय आहे, ते कसं बनतं आणि आपल्याला का बनवता येत नाही, हे सांगू शकेल असं कुणी गिरणीत नव्हतं. असं माणूस घडवण्याची सोय मुंबई विद्यापीठातही तेव्हा नव्हती.

१९२१ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्यातल्या तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती बसली. अहवाल झाला, चर्चा झाल्या, आणि प्रत्यक्षात काही उभं राहायला दहा-बारा वर्षं गेली. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. पुढे सगळ्या जगाने त्याला यूडीसीटी म्हटलं. आम्ही अजूनही तेच म्हणतो, पाटीवर आता इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी असलं तरी. पहिली दहा वर्षं विभागाला स्वतःचं घर नव्हतं. फोर्टातल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या इमारतीत त्याचा संसार होता, आणि १९४३ मध्ये तो माटुंग्याला, व्हीजेटीआयच्या शेजारी, आपल्या जागेत आला.

सुरुवातीला शाखा दोनच होत्या, वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. त्यात एक गोष्ट फार शहाणपणाची केली होती. हा अभ्यासक्रम बी.एस्सी. झाल्यावरचा होता, दोन वर्षांचा. म्हणजे येणारा मुलगा रसायनशास्त्राचा पदवीधर असायचा. त्याला बेन्झिनचं वलय शिकवायची गरज नव्हती. ते वलय शंभर किलोच्या बॅचमध्ये कसं वागतं, पंप कुठे अडतो, गाळणी कधी तुंबते, वाफ किती लागते, हे शिकवायचं होतं. त्याच्या पुढे एम.एस्सी. (टेक.) आणि पीएच.डी. (टेक.). कंसातल्या त्या ‘टेक.’ला आमच्या घरी नातेवाईक कमी लेखायचे. मला मात्र त्याचा अभिमान होता आणि आहे.

मला यूडीसीटीवर लिहायचं आहे ते एका कारणासाठी. पदव्युत्तर विद्यार्थ्याला विज्ञान-तंत्रज्ञानातल्या नोकरीसाठी तयार करणं म्हणजे नेमकं काय, यावर आज पुष्कळ बोललं जातं. मुलाखतीचं तंत्र, बायोडेटा, सादरीकरण, बोलण्याची ढब, यांची शिबिरं भरतात. माटुंग्याने या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं होतं: संशोधनाचा विषयच असा निवडायचा की त्याची एक वाट कारखान्याच्या फाटकातून आत जाईल. विषय बरोबर असला की बाकीची तयारी त्यावर काम करताना होते. मी सत्तरच्या दशकात तिथे संशोधन केलं, नंतरचं आयुष्य कारखान्यात काढलं, आणि माझा या उत्तरावर विश्वास आहे.

पहिले विभागप्रमुख रॉबर्ट फॉर्स्टर. त्यांच्यानंतर १९३८ मध्ये सूत्रं आली कृष्णस्वामी वेंकटरामन यांच्याकडे. ते मूळचे मद्रासचे. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकले, लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवत होते आणि १९३४ मध्ये मुंबईत आले. लाहोरमध्ये त्यांनी वनस्पतींतल्या पिवळ्या रंगद्रव्यांवर, फ्लेव्होनांवर काम केलं होतं. त्यातली एक अभिक्रिया आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत बेकर-वेंकटरामन पुनर्रचना म्हणून शिकवली जाते. म्हणजे हा माणूस शुद्ध रसायनशास्त्रातला पहिल्या रांगेतला होता. तो गिरण्यांच्या शहरात आला आणि त्याने कृत्रिम रंगांचा विषय अंगावर घेतला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर ब्रिटिश आणि अमेरिकन तज्ज्ञांची पथकं आय. जी. फार्बेनच्या कारखान्यांत शिरली. तिथल्या कृती, तापमानं, उतारा, यंत्रांचे तपशील त्यांनी उतरवून घेतले आणि ते अहवाल खुले केले. दोन पिढ्या कुलपात ठेवलेलं ज्ञान एकदम बाहेर आलं, पण विस्कळीत, कुठे अर्धवट, कुठे सांकेतिक व्यापारी नावांत. वेंकटरामन यांनी माटुंग्यात बसून ते सगळं वाचलं, रसायनशास्त्राच्या शिस्तीत लावलं आणि १९५२ मध्ये ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’चे दोन खंड काढले. पुढे त्याचे आठ खंड झाले. रंगरसायनाच्या या जगातल्या प्रमाणग्रंथाचे पहिले खंड एका भारतीय विद्यापीठाच्या विभागात लिहिले गेले, हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. मी नोकरीत असताना आमच्या आर अँड डीच्या कपाटात त्याचे पहिले दोन खंड होते. पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या, कुठे आम्लाचे डाग, समासात तीन-चार वेगवेगळ्या अक्षरांतल्या नोंदी. कुठली बॅच बिघडली की कुणीतरी आधी तेच उघडायचं.

काळही जुळून आला होता. १९४७ मध्ये कस्तुरभाई लालभाईंनी वलसाडजवळ अतुल ही कंपनी काढली, मग कल्याणच्या बाजूला रंगांचे कारखाने आले. तिथे पहिल्या फळीत माटुंग्याची मुलं होती. वेंकटरामन यांच्या विद्यार्थ्यांपैकी बाळ दत्तात्रय टिळक ऑक्सफर्डला रॉबिन्सन यांच्याकडे जाऊन आले आणि परत यूडीसीटीतच शिकवू लागले. १९५७ मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९६६ मध्ये त्यांच्या जागी टिळक गेले. (त्या प्रयोगशाळेचे वेंकटरामन यांच्या आधीचे संचालक जॉर्ज फिंच. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत कृत्रिम प्राणवायू घेऊन चढणारे तेच फिंच. पाषाण रस्त्याने त्या प्रयोगशाळेवरून जाताना मला दरवेळी त्यांची आठवण होते.)

दुसरा मोठा अध्याय १९६४ मध्ये सुरू झाला. मनमोहन शर्मा जोधपूरचे. १९५८ मध्ये यूडीसीटीचे रासायनिक अभियंते झाले, केंब्रिजला पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक म्हणून माटुंग्याला परत आले. डँकवर्ट्स यांच्याविषयीही सांगायला हवं. १९४०च्या बाँबवर्षावात लंडनवर पॅराशूटने पडलेले सुरुंग निकामी करणारा हा तरुण नौदल अधिकारी. त्याबद्दल त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. लढाईनंतर त्यांनी वायू द्रवात कसा विरघळतो या प्रश्नावर जे काम केलं, त्यावर आजचं रासायनिक अभियांत्रिकीचं अर्धं घर उभं आहे.

वायू द्रवात विरघळणं ऐकायला किरकोळ वाटतं. पण खताचा कारखाना, क्लोरिनेशन, हायड्रोजनेशन, तेलशुद्धी, सगळीकडे हाच प्रश्न आहे. उंच नळकांड्यात द्रव भरलेला असतो, खालून वायू सोडला की बुडबुडे वर येतात. वायू आत शिरतो तो बुडबुड्याच्या पृष्ठभागातून. मग सगळ्या बुडबुड्यांचा मिळून पृष्ठभाग किती? तो कळला तर नळकांडं किती मोठं बांधायचं ते कळतं. पण उसळणारे, फुटणारे, एकमेकांत मिसळणारे लाखो बुडबुडे मोजणार कसे?

त्याचं उत्तर म्हणजे ढवळणी असलेलं एक काचेचं भांडं, स्टर्ड सेल. मी त्याच्यासमोर माझ्या तारुण्यातला बराच काळ बसले आहे. साधारण हातभर उंचीचं, आत द्रव आणि वर वायू, आणि दोघांच्या मधली पातळी आरशासारखी स्थिर. दोन्हींत हळू फिरणारी ढवळणी, पण पातळीवर लाट उठता कामा नये. पातळी सपाट असली की तिचं क्षेत्रफळ शाळेतल्या सूत्राने निघतं. कार्बन डायऑक्साइड आधी पाण्याच्या वाफेने भिजवून घ्यायचा, नाहीतर तो आतलं पाणी पळवतो. मग तो साबणाच्या पडद्याच्या मीटरमधून आत सोडायचा. रेघा मारलेली काचेची नळी, तळाशी रबरी फुग्यात साबणाचं पाणी. फुगा दाबला की एक पातळ पडदा नळीत चढतो आणि वायूबरोबर वर सरकू लागतो. डोळा पडद्यावर, अंगठा स्टॉपवॉचवर. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत किती सेकंद, म्हणजे द्रवाने किती वायू गिळला, ते कळलं. एका चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला किती वायू जातो, हा आकडा हातात आला. आता तीच अभिक्रिया, तीच द्रावणं घेऊन खऱ्या बुडबुड्यांच्या नळकांड्यात करायची. तिथे एकूण वायू किती गिळला ते मोजायचं, आणि भागाकार करायचा. आलेलं उत्तर म्हणजे सगळ्या बुडबुड्यांचा पृष्ठभाग.

शर्मा आणि डँकवर्ट्स यांनी १९७० मध्ये या रासायनिक पद्धतींचा एकत्र आढावा लिहिला आणि तो जगभर वापरला गेला. या पद्धतीचं मोल मला वय वाढल्यावर अधिक कळलं. साठच्या दशकात परकीय चलनाची चणचण होती, परदेशी उपकरण आणायचं तर आयात परवाना, अर्ज, वाट पाहणं. या पद्धतीला लागायचं काय? काच, ब्युरेट, स्टॉपवॉच, आणि विचार. वर्कशॉपमधले काच फुंकणारे कारागीर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, ते कागदावरची आकृती पाहून ज्योतीवर नळी फिरवत भांडं घडवून द्यायचे. केंब्रिजमध्ये होणारं काम माटुंग्यात त्याच दर्जाने होऊ शकत होतं, कारण प्रश्न तसा निवडला होता. आमच्या देशात विज्ञान कसं करावं याची इतकी स्वच्छ समज मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

आणि तो प्रश्न कारखान्याचाही होता. गोव्यातल्या माशेलचे आणि गिरगावात वाढलेले रघुनाथ माशेलकर १९६६ मध्ये पदवीधर झाले आणि १९६९ मध्ये शर्मा यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली, ती अशाच बुडबुड्यांच्या स्तंभांवर. पुढे ते इंग्लंडला सॅलफर्डला होते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख नायुदम्मा यांच्या बोलावण्यावरून १९७६ मध्ये पुण्याच्या प्रयोगशाळेत आले, तिचे संचालक झाले, मग परिषदेचेच प्रमुख. ज्येष्ठराज जोशी यांनीही शर्मा यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि पुढे माटुंग्याचं संचालकपद सांभाळलं. शर्मा स्वतः १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय रासायनिक अभियंते.

माझे गाइड वेगळे होते, पण घर एकच. तिथे प्राध्यापक सल्लागार म्हणून कारखान्यांत जात आणि परत येताना प्रश्न घेऊन येत. सोमवारच्या सेमिनारमध्ये गाइडचा ठरलेला सवाल असायचा. आकडे, आलेख सगळं मांडून झालं की ते म्हणायचे, “हे ठीक आहे. आता मला सांग, पाच हजार लिटरला काय होईल?” सुरुवातीला मला वाटायचं, काय होणार, हेच होईल, मोठ्या प्रमाणावर. एकदा विषय नायट्रेशनचा होता. त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. “भांडं प्रत्येक बाजूने दहापट वाढवलंस. आतला माल किती झाला? हजारपट. थंड करणारा बाहेरचा पत्रा? शंभरपट. मग उष्णता जाणार कुठून, बाई?” वर्गात कुणी बोललं नाही. नायट्रेशनमध्ये उष्णता अडली की स्फोट होऊ शकतो, हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी फ्लास्ककडे पाहिलं की मागे रिअॅक्टर दिसू लागला. थंड करणाऱ्या ब्राइनचं तापमान, ऑपरेटरचा हात, थेंबाथेंबाने सोडायचं आम्ल. माझी कारखान्यातली नोकरी खरं तर तिथेच सुरू झाली.

बाहेरचं जगही बदलत होतं. १९७०चा पेटंट कायदा १९७२ मध्ये लागू झाला. औषधांच्या बाबतीत पदार्थाचं पेटंट गेलं, फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेचं उरलं. तेच औषध वेगळ्या वाटेने, स्वस्तात बनवू शकणाऱ्याला दार उघडं झालं. आणि वेगळी वाट शोधणं हे तर माटुंग्याच्या मुलांचं नेहमीचं काम. अंजी रेड्डी यूडीसीटीत शिकले, पुण्यात डॉक्टरेट केली, हैदराबादला सरकारी औषध कंपनीत राहिले आणि १९८४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. केकी घरडा यूडीसीटीचे पदवीधर, मिशिगनचे डॉक्टर. त्यांनी डोंबिवलीत कारखाना काढला आणि पुढे कोकणात लोट्याला. परदेशी कंपन्या महाग विकत ती शेतीरसायनं स्वतःच्या पद्धतीने स्वस्त करून दाखवणं हा त्यांचा ध्यास होता. या काळात पीएच.डी. झालेल्या माणसाने कारखान्यात जाणं हे शिक्षणाचं अवमूल्यन नव्हतं, ती त्याची खरी जागा होती.

एका बाबतीत मात्र आम्हाला कुणीच पुरेसं तयार केलं नाही, आणि हे मी आमच्या सगळ्या पिढीबद्दल, सगळ्या धंद्याबद्दल म्हणते. प्रक्रियेचा उतारा पंच्याण्णव टक्के आला की आम्ही टाळ्या वाजवायचो. उरलेल्या पाच टक्क्यांचं, धुवून काढलेल्या आम्लाचं, रंगीत पाण्याचं काय, हा प्रश्न शेवटच्या पानावर यायचा. कल्याण, अंबरनाथ, डोंबिवलीच्या नाल्यांनी त्याची किंमत मोजली आणि तिथे राहणाऱ्या माणसांनीही. आजच्या मुलांना सांडपाण्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून करावा लागतो हे पाहून मला मनापासून बरं वाटतं.

आणि आम्हा मुलींचं? वर्गात आम्ही मोजक्याच होतो. प्रयोगशाळेत कुणी वेगळं वागवलं नाही. सिलिंडर ढकलायचे ते सगळ्यांनीच. अडचण थिसिस झाल्यावर आली. १९४८च्या कारखाना कायद्यातलं सहासष्टावं कलम सांगत होतं की स्त्रीला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कामाला ठेवता येणार नाही. हेतू संरक्षणाचा होता. पण रासायनिक कारखाना रात्री बंद होत नाही, आणि ज्याने पाळी केली नाही त्याला प्लांट कळत नाही असं सगळेच मानत, मीही मानते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत माझी मुलाखत चांगली तासभर चालली. बुडबुड्यांचे स्तंभ, उष्णतेचा हिशेब, सगळं झालं. शेवटी वर्क्स मॅनेजर म्हणाले, “मॅडम, सगळं उत्तम आहे. पण रात्रपाळीचं काय करायचं?” त्यांचा आवाज दुष्ट नव्हता, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मला प्रॉडक्शनऐवजी आर अँड डीत घेतलं. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी एकतर तिथे गेल्या, नाहीतर शिकवायला लागल्या.

मग मी आर अँड डीतूनच प्लांटमध्ये शिरले. आमच्या प्रयोगशाळेतली प्रक्रिया वर जायची तेव्हा पहिल्या बॅचेसना मी दिवसपाळीभर ऑपरेटरच्या शेजारी उभी राहायचे. लॉगशीट वाचायचे, रात्रीच्या नोंदी सकाळी सहाला हातात घ्यायचे. शिफ्टच्या माणसांना कळलं की या बाईला हायड्रोजन कुठल्या व्हॉल्व्हने येतो ते माहीत आहे, मग ते स्वतःहून सांगू लागले: रात्री दोनला तापमान चार अंशांनी चढलं होतं, पण शीटवर लिहिलं नाही. तो चार अंशांचा आकडा कुठल्याही शोधनिबंधात मिळाला नसता.

आता महाराष्ट्रात स्त्रियांना रात्रपाळीची मुभा आहे, वाहनव्यवस्था आणि सुरक्षिततेच्या अटींसह. २००५ पासून औषधांत पदार्थाचं पेटंट परत आलं, त्यामुळे वाट शोधण्याबरोबर नवा रेणू शोधणाऱ्या माणसांचीही गरज पडू लागली. यूडीसीटी २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. माझ्याकडे अधूनमधून तिथली आणि इतर ठिकाणची संशोधक मुलं-मुली नोकरीविषयी विचारायला येतात. बायोडेटा दाखवतात, तो मी शेवटी पाहते. आधी त्यांचा प्रयोग ऐकते, मग गाइडचा तोच प्रश्न विचारते, आणि कागद-पेन्सिल पुढे करते. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एकीने पाच हजार लिटरचा हिशेब माझ्यासमोर मांडला, ब्राइन कमी पडतंय हे तिला स्वतःलाच दिसलं, आणि ती म्हणाली, “ताई, मग हे सेमी-बॅचमध्ये करावं लागेल, आम्ल हळूहळू सोडून.” तिला मी पाताळगंगेच्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या प्रॉडक्शन मॅनेजरचा नंबर दिला. ती सध्या तिथे बी शिफ्टला, म्हणजे दुसऱ्या पाळीला, आहे.